दुर्योधनाचे पाय आणि राणीच्या बागेतला हत्ती

मंडळी, कंबोडियाची सहल करून आलेले तुमच्यात बरेच असतील. अंकोरवाटचा सूर्योदय, ता प्रोहमच्या भिंतींना विळखा घातलेली मुळं, हे फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतात. मीही काढलेत. आज मात्र बोलायचंय ते कोह केरबद्दल. सिएम रीपहून मोटारीने दोन-अडीच तास लागतात, आणि आपल्याकडचे सहलवाले सहसा तिथे नेत नाहीत. चौथ्या जयवर्मनने दहाव्या शतकात राजधानी इथे आणली. 928 ते 944, म्हणजे जेमतेम सोळा वर्षं ती टिकली.

तिथे प्रासात चेन नावाचं देऊळ आहे. त्याच्या पश्चिमेच्या गोपुरात भीम-दुर्योधनाचं गदायुद्ध उभं केलेलं होतं. भिंतीवर कोरलेलं नव्हे हं, चारही बाजूंनी मोकळ्या दगडी मूर्ती. भोवती बसून बघणारे पांडव आणि बलराम. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. मांडीवर गदा बसते, नियम मोडतो, बलराम खवळतो.

मी गेलो तेव्हा गोपुरात कोणीच नव्हतं. उन्हात उभा राहिलो आणि मनात आलं, काळ सगळं गिळतो. वर्गात वर्षानुवर्षं हेच सांगत आलो होतो. अनित्यता शिकवायची झाली की भग्न देवळाचं उदाहरण हाताशी तयार!

पण इथे काळाने काही केलेलं नव्हतं. 1970 नंतरच्या यादवीच्या धामधुमीत चोरांनी या मूर्ती घोट्यांपासून तोडून नेल्या. पाय चौथऱ्यांवरच राहिले. दुर्योधन 1975 साली लंडनमध्ये विकला गेला आणि 2011 साली न्यूयॉर्कच्या लिलावात आला. अभ्यासकांनी त्याचे तुटके घोटे कोह केरच्या पायांशी जुळवले, कोर्टकचेरी झाली, आणि 2014 साली तो मायदेशी परतला. भीमही त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या संग्रहालयातून आला.

'भग्न' हा शब्द बघा. 'भञ्ज्' धातूपासून आलेला; अर्थ, मोडलेलं. कोणी मोडलं, ते शब्दात नाही. कर्ता गायब. आपणही तो विचारत नाही, कारण पडक्या देवळात उदास व्हायला बरं वाटतं. पाऊस आणि मुळंही देवळं पाडतात, नाही असं नाही. पण तो निष्कर्ष चौकशीनंतर काढायचा. मी तो आधीच काढून मोकळा झालो होतो, याची लाज वाटली.

आणि त्यासाठी कंबोडियाला जायला नको होतं. इथून घोडपदेवहून चालत जाण्याइतक्या अंतरावर, राणीच्या बागेच्या आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर एक दगडी हत्ती आहे. लहानपणी आम्ही त्याच्याभोवती पकडापकडी खेळायचो. हा घारापुरीचा हत्ती. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. 1814 साली त्याची मान आणि डोकं निखळलं. ते एक वेळ काळाच्या खात्यावर घाला. पण 1864 साली त्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं, उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे बागेत आणले आणि 1914 साली पुन्हा जोडले. सांधे आजही दिसतात. लहानपणी मला त्या हत्तीच्या सुरकुत्या वाटायच्या!

घारापुरीहून आणखी एक वस्तू गेली, ती मात्र परतली नाही. लेण्यात एक शिलालेख होता. दियोगु दु कोउतु हा पोर्तुगीज बखरकार लिहितो की तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला. तिथे कोणालाच तो वाचता आला नाही, आणि पुढे तो दगडच हरवला. म्हणून एवढं मोठं लेणं कोणी कोरवलं, हे आज आपण नाण्यांवरून आणि शैलीवरून ताडतो. बहुतेक अभ्यासक सहाव्या शतकातल्या कलचुरींचं नाव घेतात. एक दगड जागेवर राहिला असता तर कदाचित हा खटाटोप करावाच लागला नसता.

हत्ती बघायला जरूर जा. फक्त बुधवारी जाऊ नका, संग्रहालय बंद असतं.