अजगराची ऊब आणि आपली पेटी

त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळीचा विधी करण्यासाठी दूरदूरहून लोक येतात. हातून नाग मारला गेला असेल तर त्याचे प्रायश्चित्त म्हणून कणकेचा नाग करतात आणि त्याचे माणसासारखे अंत्यविधी करतात. साप मारल्याची टोचणी लागावी, ही भावना चांगलीच आहे. पण साप काठीनेच मरतो असे नाही. प्रेमाने पाळलेला साप चुकीच्या उबेनेही मरतो. कोणता साप किती उष्णता मागतो हे समजायला विज्ञानाला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्याची ही हकिकत.

पाठ्यपुस्तकात आपण शिकवतो की साप थंड रक्ताचा प्राणी आहे. हा शब्द जुना आणि सोयीचा, पण फसवा. दुपारच्या उन्हात खडकावर पहुडलेल्या धामणीचे रक्त आपल्याइतकेच गरम असू शकते. साप आपली उष्णता बहुतांशी बाहेरून घेतो, एवढाच त्याचा खरा अर्थ. मग साप स्वतः उष्णता निर्माण करूच शकत नाही का? हा प्रश्न पहिल्यांदा जोरात विचारला गेला तो भारतातल्या अजगरामुळे.

लामार-पिको नावाचे एक फ्रेंच प्रवासी निसर्गअभ्यासक बंगालमध्ये राहून गेले होते. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि त्यांना ऊब देते, असे त्यांनी 1832 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले. अकादमीतील ख्यातनाम सर्पतज्ज्ञ द्युमेरिल यांना हे पटले नाही. थंड रक्ताचा प्राणी ऊब देईल कशी? शब्दाने विचाराला अडवल्याचे हे चांगले उदाहरण आहे.

नऊ वर्षांनी पुरावा पॅरिसमध्येच मिळाला. 1841 च्या मे महिन्यात तिथल्या सरकारी प्राणिसंग्रहात आशियाई अजगराच्या एका मादीने 15 अंडी घातली व ती त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसली. व्हालांसिएन यांनी वेटोळ्यात तापमापक ठेवून नोंदी घेतल्या. आतले तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच जास्त भरले. सुमारे आठ आठवड्यांनी, जुलैत, 8 पिल्ले बाहेर आली. तरी वाद मिटला नाही, कारण पॅरिसच्या हवेत अजगर जगवायचा म्हणून त्याची पेटी मुळात कृत्रिमरीत्या तापवलेली होती. मग मोजलेली ऊब मादीची की पेटीची? 1862 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आफ्रिकी अजगराच्या मादीवर अशीच निरीक्षणे झाली, आणि तीच शंका पुन्हा उभी राहिली.

निर्णायक उत्तर 1966 मध्ये आले. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील एका अंड्यांवर बसलेल्या मादीवर हचिसन, डाउलिंग आणि विनेगर यांनी प्रयोग केला. त्यांनी भोवतालचे तापमान मुद्दाम बदलत नेले, आणि तापमानाबरोबर मादी किती प्राणवायू वापरते हेही मोजले. हवा 33 अंश सेल्सियसच्या खाली गेली की मादीचे स्नायू झटक्याझटक्याने आकुंचन पावत, प्राणवायूचा वापर वाढे आणि तिचे शरीर हवेपेक्षा काही अंशांनी गरम राही. आपण थंडीत कुडकुडतो तसाच हा प्रकार. उष्णता पेटीची नव्हती, मादीचीच होती. लामार-पिको यांचे म्हणणे 134 वर्षांनी खरे ठरले.

पण हा अपवाद आहे. अंड्यांवर न बसलेला अजगर, आणि बहुतेक सगळे साप, उष्णतेसाठी जागा बदलतात. हे नीट दाखवून दिले कौल्स आणि बोगर्ट यांनी. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील सरपटणाऱ्या प्राण्यांवरचा त्यांचा निबंध 1944 मध्ये प्रसिद्ध झाला. हे प्राणी ऊन व सावली, जमिनीचा पृष्ठभाग व बीळ यांच्यात ये-जा करून शरीराचे तापमान बऱ्यापैकी ठरावीक ठेवतात, असे त्यांना आढळले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: प्राण्याला आवडणारे तापमान आणि त्याला मारणारे तापमान यांत अंतर फार थोडे असते. सावलीकडे जाण्याची वाट बंद केली, तर ज्या उन्हाने तो जगतो त्याच उन्हाने तो थोड्या वेळात मरतो.

साप पाळणाऱ्या नवख्याची चूक नेमकी इथे होते. तो सगळी पेटी सारखी तापवतो. सापाला हवी असते ती एका टोकाला गरम आणि दुसऱ्या टोकाला थंड अशी जागा, आणि दोन्हीकडे लपायला आडोसा. परदेशात पाळल्या जाणाऱ्या लहान आफ्रिकी अजगरासाठी गरम टोक साधारण 31 ते 33 अंश आणि थंड टोक 25 ते 27 अंश ठेवतात. उघडा दिवा असेल तर साप त्याला वेटोळे घालतो व भाजतो, म्हणून दिव्याला जाळी हवी. तापणारा दगड किंवा गादी तापमान-नियंत्रकाशिवाय वापरू नये. पोटाखालची जागा भाजण्याइतकी तापली तरी साप दर वेळी वेळेत हलतोच असे नाही. नियंत्रकाची कल्पना नवी नाही. दोन धातूंच्या पट्टीचा तापनियंत्रक अँड्र्यू युअर यांनी 1830 मध्येच पेटंट करून ठेवला होता. आणि हाताला लागते तेवढ्यावर विसंबू नये, तापमापक दोन्ही टोकांना ठेवावा.

आपल्याकडे उलटी काळजीही घ्यावी लागते. चेन्नईजवळ 1978 मध्ये स्थापन झालेली इरुला सर्पमित्रांची सहकारी संस्था विष काढण्यासाठी साप काही आठवडे ठेवते, ते वाळू घातलेल्या मातीच्या मडक्यांत. उष्ण प्रदेशात प्रश्न तापवण्याचा नसून थंड ठेवण्याचा असतो, हे मडके सांगते.

कायदाही ध्यानात ठेवला पाहिजे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नाग, घोणस, धामण, अजगर असे आपले साप घरी पाळता येत नाहीत. परदेशी साप बाळगणाऱ्यालाही, जात आंतरराष्ट्रीय यादीतील असल्यास, 2024 च्या नियमांनुसार नोंदणी करावी लागते.

त्र्यंबक परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंच. पौषातल्या पहाटे तिथे चांगलाच गारठा असतो. अशा वेळी बांधावर सुस्त पडलेला साप दिसला की मुले म्हणतात, गुरुजी, हा आजारी आहे, शेकोटीजवळ नेऊ या. तसे करू नये. तो आजारी असेलच असे नाही, बहुधा उन्हाची वाट पाहत असतो. त्याला हात न लावता दूर उभे राहावे. घरात शिरला असेल तर वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवावे.

वर्गात सापाशिवाय हा पाठ घेता येतो. लांबट लाकडी पेटीच्या एका टोकाला 40 वॅटचा दिवा लावा, दोन्ही टोकांना तापमापक ठेवा आणि अर्धा तास दर पाच मिनिटांनी नोंदी करा. मग दिवा मधोमध आणून तेच करा. दोन्ही आलेख शेजारी काढले की मुलांना विचारा: तुम्ही साप असता तर कोणत्या पेटीत राहिला असता, आणि दुसऱ्या पेटीत तुमचे काय झाले असते? या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता आले, त्याच्या हातून निदान उबेपायी साप मरणार नाही, आणि त्यासाठी कणकेचा नाग करायची वेळही येणार नाही.