१४ जानेवारी १९८१ : सूडाची चार भाषांतली वाटचाल

पोंगलच्या मुहूर्तावर, १४ जानेवारी १९८१ रोजी ‘सट्टम ओरु इरुट्टराई’ (कायदा ही अंधारी खोली) हा तमिळ चित्रपट प्रदर्शित झाला. वडील आणि बहीण यांच्या खुन्यांचा हिशेब नायक स्वतः चुकता करतो. ज्या पळवाटांनी ते सुटले, त्याच तो त्यांच्यावर उलटवतो. दुसरी बहीण मात्र पोलीस अधिकारी, कायद्यावर ठाम विश्वास असलेली. चित्रपटातली खरी ठिणगी हाणामारीत नाही, या भावा-बहिणीच्या वादात आहे.

विजयकांत हा सावळा, रांगडा नायक यातूनच नावारूपाला आला.

दिग्दर्शक एस. ए. चंद्रशेखर (तमिळ तारा विजय याचे वडील) यांनी हीच कथा तेलुगूत चिरंजीवीला, तर कन्नडमध्ये शंकर नाग यांना घेऊन पुन्हा चित्रित केली. हिंदीत टी. रामाराव यांनी १९८३ साली ‘अंधा कानून’ काढला. पाहुण्या भूमिकेतला अमिताभ बच्चन त्यात भाव खाऊन गेला, पण नायक होता रजनीकांत. बंगळूरच्या मराठी घरात जन्मलेल्या शिवाजीराव गायकवाडांचा, म्हणजेच रजनीकांतचा, तो पहिला हिंदी चित्रपट.