दुर्गाचा जन्म आणि संशोधनाची नीती

वैद्यकीय संशोधनातील नीती म्हटले की रुग्णाची संमती आठवते. पण संशोधन तपासणाऱ्यांची आणि मागून येणाऱ्या संशोधकांचीही काही कर्तव्ये असतात. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या उदाहरणातून ती समजून घेऊ.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जगातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. सुमारे दहा आठवड्यांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात ‘दुर्गा’ जन्मली. मुखोपाध्याय यांच्यासोबत या प्रयोगात सुनीत मुखर्जी आणि सरोजकांती भट्टाचार्य होते. त्यांची पद्धत इंग्रज संशोधकांपेक्षा वेगळी होती. संप्रेरके देऊन त्यांनी एका वेळी अनेक स्त्रीबीजे मिळवली आणि भ्रूण गोठवून ठेवून नंतरच्या पाळीचक्रात गर्भाशयात सोडला. आज या दोन्ही गोष्टी रोजच्या उपचाराचा भाग आहेत.

राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. या तंत्राचा अनुभव समितीत कोणालाच नव्हता. तिने दावा फेटाळला. इथे एक खरा पेच आहे. दुर्गाच्या पालकांना आपली ओळख उघड व्हायला नको होती. डॉक्टरने विश्वास जपला तर पुरावा अपुरा पडतो, पुरावा दिला तर विश्वास मोडतो. शंका घेणे हा समितीचा अधिकारच होता, कारण विज्ञान कोणाच्या शब्दावर चालत नाही. पण शंकेचे उत्तर तपासणीने मिळते. जाणकारांना बोलावता आले असते, प्रयोग पुन्हा करायला साधने देता आली असती. उलट मुखोपाध्याय यांना जपानला जाऊन काम मांडण्याची परवानगी नाकारली गेली आणि पुढे त्यांची बदली नेत्रविज्ञान संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी जीवन संपवले.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. भारतातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ म्हणून तिची नोंद झाली. १९९७ साली आनंद कुमार कोलकात्याला आले असता मुखोपाध्याय यांची कागदपत्रे त्यांच्या हाती आली. ती वाचून त्यांची खात्री पटली आणि ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी पहिलेपणाचा मान मुखोपाध्याय यांचा असल्याचे लिहिले. हा मान तोवर त्यांच्या स्वतःच्या चमूकडे होता. तो सोडायला त्यांना कोणत्याही नियमाने भाग पाडले नव्हते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही हे लागू पडते. तुमची प्रयोगवही नीट असेल, तर तुमच्या मागेही तुमचे काम बोलू शकते. मात्र ती उघडून वाचणारा प्रामाणिक माणूसही लागतो.

विचारासाठी प्रश्न: रुग्णाचे नाव गुप्त ठेवून अशा दाव्याची पडताळणी तुम्ही कशी केली असती?