सांबुसक, समोसा आणि करंजी

ससून हे नाव पुण्याच्या दवाखान्यामुळे आपल्याला ठाऊक आहे, मुंबईकरांना ससून डॉकमुळे. डेव्हिड ससून हे बगदादचे ज्यू. तिथला वाली दाऊद पाशा याच्या जाचामुळे ते शहर सोडून निघाले, इराणच्या बुशहर बंदरात थांबले आणि १८३२ मध्ये मुंबईत आले. छळणारा हाकिम मुसलमान होता, हे सांगताना आपण आवाज खाली करण्याचे कारण नाही.

या बगदादी घरांनी भायखळ्याला मागेन डेव्हिड आणि पुण्याला लाल देऊळ ही प्रार्थनास्थळे उभारली. त्यांच्या स्वयंपाकघरातून एक पदार्थही आला. त्याचे नाव ऐकून कळंबमधले कुठलेही पोर कान टवकारेल: सांबुसक.

मैदा तूप किंवा लोणी घालून मळायचा, छोट्या पुऱ्या लाटायच्या, किसलेले चीज अंड्यात कालवून भरायचे, अर्धचंद्रासारखी घडी घालून कड दाबायची आणि भट्टीत भाजायचे. दिसायला हुबेहूब करंजी! सारणात चीज का, याचे उत्तर त्यांच्या धर्मनियमात आहे. ज्यू लोक दूध आणि मांस एका जेवणात खात नाहीत. म्हणून मांसाच्या जेवणाचे सांबुसक वेगळे, दुधाच्या जेवणाचे वेगळे. खिम्याच्या सांबुसकाला लोणी-तूप लागता कामा नये. डुक्कर त्यांनाही हराम आणि आपल्यालाही, पण हा नियम आपल्याकडे नाही. आपण खिम्याचे समोसे खुशाल तुपात तळतो.

शब्द मूळचा फारसी, सम्बोसा. अरबीत तो सम्बूसज झाला. १२२६ मध्ये मुहम्मद बिन हसन अल-बगदादी याने लिहिलेल्या ‘किताब अल-तबीख’ या पाकपुस्तकात तो मांसाचा आहे, आणि साखर-बदामाचाही. पुढे इब्न बतूताने दिल्लीत मुहम्मद तुघलकाच्या दस्तरखानावर पाहिला, तो खिमा, बदाम, पिस्ते आणि कांदा भरून तुपात तळलेला. माळव्याच्या सुलतानांसाठी मांडूला लिहिलेल्या ‘निअमतनामा’त तर समोशाच्या कितीतरी कृती आहेत. बटाटा यांपैकी कशातच नाही. तो अमेरिकेतून यायचा होता.

शिक्षकांच्या खोलीत रमजानमध्ये समोशाचा डबा उघडला की कुणीतरी म्हणतेच, “हा तुमचा पदार्थ.” दिवाळीत करंजी “आमची” होते. बगदादच्या पुस्तकात गोड सारण आहे म्हणून करंजी तिथून आली, असे सिद्ध होत नाही. पीठ लाटून त्यात सारण भरण्याची युक्ती माणसाला दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकते. पण समोशाचे तसे नाही. त्याचे नावच त्याचा प्रवास सांगते, आणि त्या नावावर बगदादच्या ज्यूंचा हक्क आपल्याइतकाच आहे.

उर्दू शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांची आणखी एक गोष्ट जवळची वाटते. ही मंडळी घरी अरबी बोलत, पण ती हिब्रू लिपीत लिहीत. डेव्हिड ससून ब्रिटिश प्रजाजन झाले, तेव्हाही सही हिब्रूतच केली. १८६४ मध्ये ते पुण्यात वारले. कबर लाल देवळाच्या आवारात आहे.

१९४८ नंतर बहुतेक बगदादी कुटुंबे परदेशी गेली. कलकत्त्याच्या न्यू मार्केटात १९०२ पासूनच्या नाहूम बेकरीत चीजचे सांबुसक मिळत आले आहे, आणि तिथल्या सिनेगॉगची राखण पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान करत आले आहेत.