गिझरची नवी जोडणी : वायरमनकडून काय करून घ्यावे?

दिवाळी सरली की अमरावती आणि अकोल्यात गिझरची खरेदी सुरू होते. वऱ्हाडातील उन्हाळ्यात गच्चीवरील टाकीचे पाणीच कढत असते; त्यामुळे अनेक जुन्या घरांत स्नानगृहासाठी स्वतंत्र वीजजोडणीचा विचारच झालेला नसतो. मग जवळच्या प्लगमधून वायर ओढून काम भागवले जाते. पाणी तापते, परंतु ओल्या अंगाने शॉवरखाली उभ्या असलेल्या माणसासाठी ही तडजोड जीवघेणी ठरू शकते.

स्वतंत्र सर्किट का?
२३० व्होल्टच्या पुरवठ्यावर २००० वॉटचा साठवण गिझर सुमारे ९ अँपिअर, तर ३००० वॉटचा तात्काळ गिझर सुमारे १३ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. दिवे-पंख्यांचा ६ अँपिअरचा प्लग आणि त्यामागची बारीक वायर यासाठी नाही. मुख्य बोर्डापासून फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन तांब्याच्या वायरी स्वतंत्रपणे आणाव्यात. सामान्यतः २००० वॉटसाठी २.५ चौरस मिलिमीटरची, तर ३००० वॉटसाठी ४ चौरस मिलिमीटरची वायर वापरतात. सॉकेट १६ अँपिअरचे असावे आणि स्विच स्नानगृहाबाहेर बसवावा. गिझर इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडू नये.

खारे पाणी, काळी माती
पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. खाऱ्या वा जड पाण्यामुळे गिझरच्या कॉइलवर क्षारांचा थर चढतो, तिचे आवरण झिजते आणि वीज पाण्यात उतरू शकते. अशा वेळी तिला जमिनीत नेणारी वाट म्हणजे अर्थिंग. मात्र येथील काळी माती वाळली की आकसते, भेगाळते. जमिनीतील इलेक्ट्रोडभोवती पोकळी पडते आणि अर्थिंग निकामी होत जाते. म्हणून नवी जोडणी करताना अर्थिंग टेस्टरने तपासून घ्यावे आणि कोरड्या दिवसांत अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे. उन्हाळ्यात लोखंडी कूलरही याच अर्थिंगच्या भरवशावर चालतो.

अर्थची वायर नसलेल्या घरांत काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल व अर्थ एकत्र जोडून देतात. न्यूट्रल मध्येच तुटल्यास गिझरच्या धातूच्या भागांत आणि नळांत वीज उतरते. असे काम ठामपणे नाकारावे.

एमसीबी पुरेसा नाही
एमसीबी वायरचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. १६ अँपिअरचा एमसीबी एक-दोन अँपिअरच्या गळतीने पडत नाही. माणसाचा जीव जाण्यास मात्र त्याच्या अंशाएवढा प्रवाह पुरतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. गळती होताच तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. तो अर्थिंगला पर्याय नव्हे, दोन्ही असावेत.

काम कोणाकडे द्यावे?
केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांनुसार वीजसंच मांडणीतील भर वा फेरबदल राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे लागतात. दिवा, पंखा वा स्विच बदलण्यासारख्या किरकोळ कामांना यातून सूट आहे. नवे सर्किट त्यात बसत नाही. आयटीआयचे वीजतंत्री वा तारतंत्री प्रमाणपत्र हा शिक्षणाचा पुरावा होय. परवाना निराळा, तो मागून पाहावा.

महावितरणच्या बिलावरील मंजूर भारही पाहावा. तो एखादाच किलोवॉट असेल, तर गिझर बसवण्याआधी भारवाढीसाठी अर्ज करावा.

पैसे देण्यापूर्वी
वायर, सॉकेट, एमसीबी आणि आरसीसीबीवर आयएसआय चिन्ह आहे ना, हे पाहावे. बोर्डात गिझरच्या एमसीबीवर नाव लिहून घ्यावे. टाकी पाण्याने पूर्ण भरल्यावरच गिझर सुरू करावा. अर्थिंगच्या तपासणीत आलेला आकडा बिलावर नोंदवून घ्यावा. शेवटी आरसीसीबीवरील ‘टेस्ट’ बटन वायरमनसमोरच दाबून पाहावे आणि पुढे दरमहा ही चाचणी करावी. बटन दाबूनही पुरवठा तुटला नाही, तर आरसीसीबी बदलेपर्यंत गिझर वापरू नये.