शोभेच्या अक्षरांची वंशावळ

बंगळुराच्या आग्नेय दिशेस, होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या बेचक्यात विकास प्राधिकरणाने आखलेली आणि त्याच रस्त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव पावलेली एचएसआर लेआउट ही सात सेक्टरांची वसाहत आज नवोद्योगांची पेठ म्हणून ओळखली जाते. आणि जेथे नव्या पेढ्या सतत जन्म घेतात तेथे त्यांच्या नावांसाठी, वेष्टनांसाठी व दारावरच्या फलकांसाठी लक्षवेधी अक्षरेही सतत लागत असल्यामुळे, शोभेच्या फाँटांची लांबलचक यादी पडद्यावर खालीवर करीत बसलेला एखादा आरेखक तेथील कोणत्याही कॉफीगृहात दिसावा, यात नवल नाही. त्या यादीत देवनागरीचीही फुगीर, तिरपी, कुंचल्याने ओढल्यासारखी वळणे आता विपुल आहेत. ही वळणे छापखान्यातून आली असा सार्वत्रिक समज आहे, आणि तो बव्हंशी चुकीचा आहे. मराठीतील अलंकृत अक्षर खिळ्यांच्या पेटीबाहेर, दगडावर, बोरूच्या टोकाशी आणि रंगाऱ्याच्या कुंचल्याखाली वाढले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या परिसराला अक्षराची ओळख अर्थातच फार जुनी. लेआउटपासून थोड्या अंतरावरील बेगूर येथे नवव्या शतकाच्या अखेरचा जो कन्नड वीरगळ आहे त्यावर ‘बेंगळूर’ हे नाव कोरलेले आढळते. मराठी माणसाचा संबंध येतो तो सतराव्या शतकात, शहाजीराजांची जहागीर या मुलखात झाली तेव्हा. बाल शिवाजीराजांची पुण्यास रवानगी करताना शहाजीराजांनी बंगळुराहून त्यांच्यासमवेत पेशवे, मुजुमदार, डबीर, सबनीस असा दरक दिला, असे परंपरा सांगते. आणि ज्या अष्टकोनी मुद्रेने पुढे स्वराज्याच्या सनदा सजल्या तिच्याकडे राजकारणाचा विचार क्षणभर बाजूस सारून पाहिले, तर मर्यादित जागेत ठसठशीत नागरी अक्षरे कशी बसवावीत याचा तो उत्तम वस्तुपाठ आहे. शिक्क्याचे अक्षर वाचण्यासाठी असतेच, परंतु त्याआधी ते ओळखण्यासाठी असते. आणि शोभेच्या अक्षराची याहून नेमकी व्याख्या मला सुचत नाही.

शिक्का नागरीत असला तरी मजकूर मोडीत. आणि मोडीत वळणांची केवढी श्रीमंती होती हे दफ्तरखान्यातले रुमाल सोडून पाहणाऱ्यास सांगावयास नको. चिटणीशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी लिहिणाऱ्या घराण्यांची वा व्यक्तींची नावे ल्यालेली ही वळणे म्हणजे त्या काळचे फाँटच होत. फरक इतकाच की ते विकत घेता येत नसत, उमेदवारी करून हातात मुरवावे लागत, आणि कारकुनाचा हात ओळखीचा असल्याखेरीज पत्राच्या अस्सलपणाविषयी खात्री पटत नसे. शहाजीराजांच्याच वंशातील तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 साली बृहदीश्वराच्या भिंतींवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, तो इतका विस्तृत की दगडावरचा ग्रंथच म्हणावा. आणि त्यानंतर लवकरच त्यांच्याच आश्रयाखाली तंजावरात देवनागरी छपाईही सुरू झाली. एकाच राजाच्या पदरी छिन्नी आणि खिळा शेजारी शेजारी नांदत होते, ही गोष्ट आमच्या मुद्रणेतिहासात पुरेशा कौतुकाने सांगितली जात नाही.

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी 1831 मध्ये शिळाछापावर पंचांग काढले. शाईत चरबी असते या शंकेने छापील ग्रंथाला न शिवणाऱ्या सोवळ्या मंडळींसाठी ते शाई तुपात घोटीत, असे सांगतात. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणी टाइप घासण्याचे काम केलेल्या जावजी दादाजींनी 1864 मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री काढली, आणि राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कुशल ठसेकाराच्या साहाय्याने आपल्या निर्णयसागर छापखान्याचे जे सुडौल टाइप तयार केले त्यांची कीर्ती साऱ्या संस्कृतज्ञ जगात पसरली. परंतु हे सारे वैभव पोथीच्या, म्हणजे सलग वाचनाच्या अक्षराचे. रोमन लिपीत नक्षीदार टाइप ओतावयाचा तर सव्वीस मोठी अक्षरे, काही आकडे आणि चिन्हे एवढ्यावर भागते; देवनागरीत व्यंजने, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, मात्रा, रफार, उकार या सर्वांचा हिशेब करता एका मापाच्या संचास शेकडो ठसे कापावे लागत, आणि त्यातील प्रत्येकाची शिरोरेषा शेजाऱ्याच्या शिरोरेषेला तंतोतंत मिळावी लागे. नाटकाच्या जाहिरातीत वा लग्नपत्रिकेच्या मथळ्यात चार शब्द सजविण्यासाठी एवढा खर्च कोणता कारखानदार करील? परिणामी बारीक, जाड, मोठा अशा प्रतवारीवर छापखान्याने समाधान मानले आणि शोभेचे काम ज्याच्या हाताला वळण होते त्याच्या स्वाधीन केले.

शिळाछापाने त्या हाताला कागदावर मोकळे रान दिले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात 1878 मध्ये निघालेल्या चित्रशाळेच्या देवादिकांच्या रंगीत चित्रांखाली नाव लिहावयाचे ते चित्रकाराच्याच कलमाने, त्यामुळे चित्र आणि अक्षर यांत खिळ्यांची आडभिंत उरली नाही. पुढे कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगविता रंगविता जे बाबूराव मेस्त्री ‘पेंटर’ या बिरुदानेच अजरामर झाले, त्यांनी 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला आणि चित्रपटांच्या भित्तिपत्रकांनाही कलेची प्रतिष्ठा दिली. त्यांच्यामागे गावोगाव पेंटरांची पिढी उभी राहिली. त्यांचे काम ज्यांनी उन्हात उभे राहून पाहिले असेल त्यांना स्मरेल की खडू लावलेले सूत ताणून, टिचकी मारून, आधी दोन समांतर रेघा उमटविल्या जात, मग चपट्या कुंचल्याच्या एकाच ओढीत शिरोरेषा, तिच्याखाली काने आणि दंड, नंतर गोलाई, आणि सर्वांत शेवटी उजव्या अंगाला गडद सावली. आणि जागा अपुरी पडू लागली की शेवटचे अक्षर असे काही दबत असे की तेच सबंध फलकाची ऐट होऊन बसावे. ही लवचीकता कोणत्याही ओतीव टाइपाला साधणारी नव्हती.

वर्तमानपत्रातील नाटकांच्या जाहिरातींत या हस्तकलेचा कळस झाला तो कमल शेडगे (1935–2020) यांच्या हातून. नाटकाचे नाव वाचण्यापूर्वी ते विनोदी की गंभीर हे डोळ्याला उमजावे, एवढे सामर्थ्य त्यांनी निव्वळ अक्षरांच्या ठेवणीत आणले, आणि रंगभूमीच्या इतिहासकारांनी नेपथ्यकाराला दिले तेवढे तरी स्थान या अक्षरकाराला द्यावयास हवे होते.

संगणक आला तो आरंभी उपकारापेक्षा उपद्रवच अधिक करीत आला. पुण्याच्या सी-डॅकचे योगेश, सुरेख आणि मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांनी घरोघरच्या लग्नपत्रिका नटविल्या हे खरे, परंतु प्रत्येकाची सांकेतिक व्यवस्था खाजगी असल्यामुळे एका यंत्रावर नटलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन पडे. युनिकोडने तो घोळ मिटविला. त्या संधिकाळावर रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजेच आर. के. जोशी (1936–2008) यांची मुद्रा उमटलेली आहे. कवी, सुलेखनकार, जाहिरातक्षेत्रातील कलावंत आणि पवईच्या आयआयटीतील अध्यापक अशा अनेक नात्यांनी वावरलेल्या या गृहस्थांनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ रचला, आणि कोट्यवधी लोक तो रचनाकाराचे नावही न जाणता वर्षानुवर्षे वापरीत आले. मंगल मात्र कामकाजाचा फाँट, शोभेचा नव्हे.

शोभेचा हात यंत्रात शिरला तो गेल्या दशकात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळीतील सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा ‘मोडक’ नव्हे, ‘मोदक’ घ्या (रोमन हिज्ज्यांमुळे ही गफलत नित्य होते): अक्षर इतके फुगलेले की ‘ब’च्या किंवा ‘थ’च्या पोटातली पोकळी आकसून केसाएवढी फट उरावी, आणि तरीही शब्द निर्वेध वाचता यावा. खिळ्याच्या काळी हा ठसा कापला असता तर ती फट पहिल्याच छपाईत शाईने बुजून गेली असती. त्याच मंडळीच्या ‘जैनी’चे मूळ 1503 सालच्या कल्पसूत्राच्या हस्तलिखितात आहे, तर कॅथरीन श्मिट यांच्या ‘यात्रा वन’चे मुंबईच्या लोकलगाडीच्या रंगविलेल्या पाट्यांत, या दुसऱ्यात देवनागरी कलमाचा कोन रोमन अक्षरांना लावलेला आहे, आणि रोमन अक्षरे शिरोरेषेला टांगून ‘भारतीय’ दिसण्याची जी केविलवाणी रीत परदेशी उपाहारगृहांच्या पाट्यांवर दिसते तिच्यापेक्षा हा उपाय कितीतरी समजूतदार आहे. वंशावळ पाहिली तर यांपैकी कोणाचाही पूर्वज फाउंड्रीत सापडत नाही.

आता पुन्हा लेआउटकडे. डिसेंबर 2023 मध्ये बंगळुरात पाट्यांवरून आंदोलन पेटले आणि 2024 मध्ये कर्नाटकाने कायदा दुरुस्त करून फलकाच्या वरच्या भागात साठ टक्के कन्नड सक्तीचे केले. महाराष्ट्रात मराठी पाट्यांचा तसाच हुकूम आधीच सुटलेला होता. इंग्रजी नावाने सजलेल्या पेढ्यांना अकस्मात कन्नड मथळ्याचे अक्षर हवेसे झाले, आणि जी अक्षरे विनामूल्य व हाताशी होती त्यांत ‘एक टाइप’च्याच बालू कुटुंबातील ‘बालू तम्मा’ हा कन्नड भाऊ होता. आता कन्नडाला शिरोरेषा नाही, माथ्यावर तलेकट्टू आहे, आणि जोडाक्षरातले दुसरे व्यंजन ‘ओत्तक्षर’ होऊन ओळीखाली उतरते. फलकाची उंची इंग्रजी मोठ्या अक्षरांच्या मापाने आधीच ठरलेली असली की त्या तळमजल्याला जागा देण्यासाठी सबंध शब्द बारीक करावा लागतो, आणि साठ टक्के जागा व्यापूनही कन्नड नाव इंग्रजीपेक्षा कृश दिसते. पेंटर असता तर त्याने सूत ताणण्याआधीच खाली चार बोटे जागा राखली असती.