प्रवासी नेण्याचा हक्क आणि त्याचे शुल्क : बसस्थानक ते विमानतळ

प्रस्तावना :
सोलापूर-धुळे महामार्गावरील तेरखेडा (ता. वाशी, जि. धाराशिव) हे गाव फटाका व्यवसायासाठी परिचित आहे. येथील रहिवासी मुंबई विमानतळावर उतरून ॲपद्वारे टॅक्सी बोलावतो, तेव्हा गाडी ठरलेल्या जागीच येते आणि तेथे येण्याचे शुल्क अखेर प्रवाशावरच पडते. शुल्क नवे असले तरी प्रश्न जुना आहे. प्रवासी जेथे उतरतो, तेथून त्याला नेण्याचा हक्क कोणाचा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

बसस्थानकाची मक्तेदारी :
तेरखेड्याचा परिसर हैदराबाद संस्थानात होता. तेथे १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने सरकारी बससेवा सुरू केली. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये येथील बससेवा एसटी महामंडळात विलीन झाली. बसस्थानकापासून २०० मीटरच्या आत खासगी वाहनांनी प्रवासी घेऊ नयेत, हा नियम या मक्तेदारीचेच संरक्षण करतो. वडापच्या जीपगाड्यांनी तो सर्रास मोडला, हेही खरे. मात्र या संरक्षणाच्या बदल्यात तोट्याच्या मार्गावरही गाडी सोडण्याचे उत्तरदायित्व एसटीवर होते.

विमानतळाचे दार :
विमानतळ प्राधिकरण कायद्यातील २००३ च्या दुरुस्तीने विमानतळ खासगी कंपन्यांना भाडेपट्ट्याने देण्याचा मार्ग खुला झाला. मुंबई विमानतळ २००६ मध्ये खासगी व्यवस्थापनाकडे गेला. पुढे २००८ च्या कायद्याने प्रमुख विमानतळांवरील विमानसेवाविषयक शुल्के ठरविण्यासाठी स्वतंत्र नियामक नेमला. वाहनतळ व टॅक्सीसुविधा यांचे दर मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिले. त्या उत्पन्नाचा ३० टक्के भाग मुंबईत नियंत्रित शुल्के ठरविताना वजा धरला जातो, एवढाच काय तो संबंध. याउलट, केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी ॲप-टॅक्सीच्या वाढीव भाड्यावर मूळ भाड्याच्या दीडपट इतकी मर्यादा सुचविली. २०२५ मध्ये ती दुप्पट झाली. अर्थात, भाड्याला मर्यादा सुचविली गेली, दाराच्या शुल्काला नाही.

निष्कर्ष :
दोन्ही ठिकाणी प्रवासी घेण्याची जागा राखीव आहे. एसटीच्या राखीव हक्कामागे सार्वजनिक कर्तव्य होते. विमानतळावरील हक्कामागे प्रामुख्याने करार आहे. म्हणून हे शुल्क नियामकाने निश्चित करून टॅक्सी बोलावण्यापूर्वीच प्रवाशास कळविणे न्याय्य ठरेल.